आधी दही बांधा, काकडी पिळा, मग 'ग्रीक' म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत 'दहा मिनिटांत ग्रीक डिप' या मथळ्याखाली एक कृती आली आहे. पदार्थाचं नाव छापलंय 'त्झात्झिकी'. कृती अशी : एक वाटी दही, एक काकडी किसून, लसणाच्या दोन पाकळ्या, मूठभर पुदिना, चिमूटभर साखर, जिरेपूड. सगळं मिक्सरमधून फिरवा, वर कोथिंबीर भुरभुरवा, चिप्सबरोबर द्या. सोबत अर्धं पान रंगीत फोटो. फोटोतलं डिप इतकं घट्ट की त्यात चमचा उभा राहिलाय. छापलेल्या कृतीतून फोटोतलं डिप निघणं शक्य नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण त्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी झालं.

मुलाचे तीन मित्र मुंबईहून सहकुटुंब आले होते. सूनबाईनं बोंबील तळले, सुरमईचे तुकडे तळले आणि मधोमध मोठ्या काचेच्या वाडग्यात हे डिप ठेवलं. करताना बरं दिसत होतं म्हणे. पाहुणे येऊन, गप्पा होऊन, पानं मांडेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात खाली हिरवट पाणी आणि वर फेस अशी त्याची फाळणी झाली. ज्यांनी चमच्यानं पानात घेतलं त्यांच्या पानात ते बोंबलाच्या खालून पलीकडे गेलं. बोंबील मऊ पडले, आणि मऊ पडलेला तळला बोंबील कोकणात कुणी माफ करत नाही. एका पाहुण्या बाईंनी मोठ्या मनानं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाल्या, ''मठ्ठा फार छान झालाय.''

मी तेव्हा देवळात भजनाला होतो. घरी आलो तर सूनबाई गप्प आणि आमची मंडळी बोलती. ''आयुष्यभर ग्रीक लोकांना रांधून घातलंत, आणि घरात त्यांचा पदार्थ पेपरात बघून करायची पाळी आली,'' असं मला ऐकवलं गेलं. आरोप रास्त होता. त्याची भरपाई म्हणून हे पत्र.

मी बोटीवर भंडारी होतो. आताची मुलं 'चीफ कुक' म्हणतात. आमच्या गुहागर-दापोलीकडे जुनी माणसं भंडारीच म्हणतात. 1983 ते 2013 अशी तीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस ग्रीक मालकांच्या बोटींवर. ज्यांना नवल वाटेल त्यांच्यासाठी सांगतो : क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आणि जेमतेम कोटभर वस्तीचा हा देश, पण माल वाहण्याच्या क्षमतेनं जगातला सगळ्यात मोठा व्यापारी जहाजांचा ताफा त्यांच्या मालकांकडे आहे. कॅप्टन, चीफ इंजिनीअर ग्रीक. खाली फिलिपिनो आणि आपण. चोवीस माणसांच्या बोटीवर तीन देशांची तोंडं सांभाळायची म्हणजे भंडाऱ्याची परीक्षाच. फिलिपिनोंना तीन वेळा भात हवा, आपल्या पोरांना डाळ हवी, आणि ग्रीकांना बाकी काही चालेल पण दही नीट हवं.

पहिल्या ग्रीक बोटीवर मी अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात चढलो. दुसऱ्याच दिवशी कॅप्टन गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात आले. पांढऱ्या मिशा, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलले. मला कळला तो एकच शब्द, 'अंगूरी'. बोटीला माल पुरवणाऱ्या चँडलरनं सकाळीच ताजी फळं चढवली होती. मी उत्तम द्राक्षं धुतली, थाळीत मांडली, नॅपकिन घातला आणि मेसरूममध्ये नेऊन ठेवली. कॅप्टननी द्राक्षांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि उठून माझ्यामागोमाग गॅलीत आले. भाजीच्या क्रेटमधली काकडी उचलून माझ्या नाकासमोर धरली. ''अंगूरी!'' ग्रीकमध्ये काकडीला अंगूरी म्हणतात. द्राक्षाचा शब्द वेगळाच आहे. त्यानंतर दोन वर्षं त्या बोटीवर मला कुणी नावानं हाक मारली नाही; काकडी हवी असली तरी 'अंगूरी' आणि मी हवा असलो तरी 'अंगूरी'.

आता नावाचं. आपण 'त्झात्झिकी' छापलंत. छापायला अवघड, वाचायला त्याहून अवघड, आणि उच्चार म्हणूनही बरोबर नाही. इंग्रजीत ते टी-झेड असं लिहितात म्हणून आपण 'त्झ' केलं असावं. खरं तर हा उच्चार मराठी माणसाला आयता येतो. आपल्याकडे ज दोन. एक 'जन्म'मधला, एक 'जावई'मधला. ग्रीक लोकांचा तो 'जावई'मधला ज. दोन्ही ज तसेच उच्चारून 'जाजीकी' म्हणा, पिरेयसचा म्हातारासुद्धा मान डोलावेल. गंमत पुढेच आहे. हा शब्द ग्रीकांनी घेतला तुर्कांकडून, आणि तुर्कांच्या 'जाजिक'मधला ज आहे 'जन्म'मधला! एजियन समुद्राच्या एका काठाला एक ज आणि दुसऱ्या काठाला दुसरा. मधे किती युद्धं झाली, पण वाडगा तोच. छापताना 'जाजीकी' लिहून एक ओळ उच्चाराची दिली असतीत तर वाचकांची सोय झाली असती.

पण नाव बिघडलं म्हणून बोंबील मऊ पडत नाही. तो पाण्यानं पडतो. आपल्या कृतीत पाण्याबद्दल चकार शब्द नाही, आणि त्या पदार्थात पाण्याशिवाय दुसरं कामच नाही. दह्यातलं पाणी काढायचं, काकडीतलं पाणी काढायचं, आणि मग ते परत येणार नाही असं वागायचं. बाकी लसूण, तेल वगैरे कुणीही घालेल.

कॅप्टन मूळचे खिओस बेटाचे. तिथे झाडाच्या डिंकाला सोन्याचा भाव, आणि घरटी एक माणूस समुद्रावर, अगदी आपल्या खाडीपट्ट्यासारखं. त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा : मी काकडी किसून दह्यात घालणार, तेवढ्यात हात धरला. किसलेल्या काकडीवर मीठ टाकलं, घड्याळात वीस मिनिटं मोजली, मग तो कीस स्वच्छ फडक्यात घेऊन असा पिळला की मिठाचं पाणी टोपात धो धो पडलं. दोन मोठ्या काकड्यांचा जेमतेम मूठभर चोथा उरला. मला म्हणाले, तू काय पिळतोयस ते बघू. मी पिळला. त्यांनी माझ्या हातातून घेऊन परत पिळला, आणखी अर्धी वाटी निघालं. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच. मीठ लावलं की ते आपोआप बाहेर येतं. ताटलीत येऊ दिलं नाहीत तर डिपमध्ये येतं. सूनबाईच्या वाडग्यात पाऊण तासात जे झालं ते हेच. डिपमध्ये मीठ होतं, काकडी होती, आणि मिठानं आपलं काम चोख केलं.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? आमची आई खमंग काकडी करायची तेव्हा काकडी चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यायची, मगच दाण्याचं कूट. कूट आधी घातलंत तर ते पाणी पितं आणि लगदा होतो. हे घरोघरी ठाऊक आहे. मग पदार्थाला परदेशी नाव लागलं की आपण आपलं शहाणपण उंबऱ्याबाहेर का ठेवतो, हे मला समजत नाही. किसायची असेल तर किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा. बारीक भोकांनी पिठलं होतं. मला विचाराल तर आईसारखी चोचवलेली काकडी जाजीकीत किसलेल्या काकडीपेक्षा छान लागते, दाताखाली येते. ग्रीकांना हे सांगून पाहिलं, पटलं नाही. पावसाळ्यातलं तवसं घेणार असाल तर मधला बियांचा गाभा चमच्यानं खरवडून टाका. आणि देठाकडचा तुकडा कापून घासून कडवटपणा काढायचा हे सांगायला नको, तरी सांगतो. कारण एक कडू काकडी अर्धा किलो दही घालवते.

आता दही. ग्रीसमध्ये साध्या दह्याचं हे करत नाहीत. तिथे 'स्त्रांगिस्तो' म्हणजे गाळलेलं, निथळलेलं दही घेतात. जुन्या पद्धतीचं मेंढीच्या दुधाचं दही तिकडे अजून मातीच्या भांड्यात मिळतं, वर जाड साय धरलेलं. त्या सायीला ते 'पेत्सा' म्हणतात आणि तिच्यासाठी मेसरूममध्ये भांडणं होत. मेंढीचं दूध घट्ट. स्निग्धांश शंभरात सहा-सात. गाईच्या दुधात त्याच्या निम्म्याच्या थोडा वर. आणि आपल्या म्हशीच्या? सहा-सात! म्हणजे चांगल्या म्हशीच्या दुधाचं घरचं दही हे त्या जुन्या मेंढीच्या दह्याच्या जास्त जवळ जातं. बोटीवर आम्ही सगळे पाकिटातल्या गाईच्या दुधावर. कॅप्टनना आमच्या गुहागरच्या म्हशीच्या दह्याचा चक्का खायला मिळाला असता तर त्यांनी खिओसचं नाव काढलं नसतं.

होय, चक्का. दही फडक्यात बांधून टांगलं की त्याला आपण चक्का म्हणतो. लहान मुलाला विचारा, सांगेल. आपल्या कृतीत हा दोन अक्षरी शब्द कुठेच नाही. खाली टीप मात्र आहे : 'अधिक चांगल्या चवीसाठी बाजारात मिळणारे ग्रीक योगर्ट वापरावे.' ती वाचून नातू पुण्याहून येताना तसला डबा घेऊन आला. डब्याच्या पैशात दोन लिटर म्हशीचं दूध आलं असतं. चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली तर त्यात दूध पावडर आणि घट्टपणासाठी स्टार्च. सगळेच तसं करत नसतील. नुसतं दूध आणि विरजण असलेले डबेही असतात. घ्यायचाच तर मागची बाजू वाचून घ्या. निथळून घट्ट झालेलं दही आणि पिठानं घट्ट केलेलं दही यात फरक असा की पिठाचं दही काकडी पडताच पुन्हा सैल होतं.

या नावावरून विलायतेत कोर्टकचेरी झाली आहे. 1926 साली अथेन्समध्ये छोट्या दूधदुकानापासून सुरू झालेली 'फाये' ही ग्रीक कंपनी आणि अमेरिकेत दही करणारी 'चोबानी' यांच्यात. चोबानीचा मालक तुर्कस्तानातून गेलेला, आणि 'चोबान' म्हणजे तुर्कीत मेंढपाळ. पुन्हा एजियनचे दोन काठ! 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला की ब्रिटनमध्ये 'ग्रीक योगर्ट' म्हणून जे विकायचं ते ग्रीसमध्येच झालेलं हवं. 2014 मध्ये अपिलातही तेच टिकलं. म्हणून तिकडे बाकीचे लोक 'ग्रीक पद्धतीचं' असं लिहितात. आम्हा कोकणातल्या लोकांना यातलं दुखणं चांगलं कळतं. कुठल्याही आंब्याला हापूस म्हणून विकणाऱ्यांशी आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, तेव्हा 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग जो माणूस हापूसच्या नावाला इतका जपतो त्यानं घरातल्या फडक्यात टांगलेल्या दह्याला ग्रीक कशाला म्हणावं? चक्का म्हणावं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतसुद्धा चक्का याच नावानं आहे.

एक सावधगिरी. श्रीखंडाचा चक्का आणि जाजीकीचा चक्का एक नव्हे. श्रीखंडाला रात्रभर टांगून, वर वजन ठेवून कोरडा करतात, कारण पुढे साखर त्याला सैल करणार असते. इथे साखर नाही. तेवढा कोरडा घेतलात तर खाताना टाळूला चिकटतो. किलोभर दही चार-पाच तास टांगा, निम्म्यावर येऊ द्या. बोट बुडवून वर केलं तर शेंडा उभा राहावा आणि मग हळूच कलावा, इतपत. डेअरीतून तयार चक्का आणलात तर त्यात दोन-तीन चमचे ताजं दही मिसळून सैल करा. आणि चाखून घ्या. पाडव्या-दसऱ्याच्या सुमारास साठवलेला चक्का आंबट असतो, श्रीखंडात ते झाकतं, इथे झाकायला काही नाही. टांगायचं ते फ्रीजमध्ये. एप्रिलमध्ये नळाला बांधून ठेवलंत तर चार तासांत दही चिंच होईल.

बोटीवर मी गाठोडं भाजीच्या कोल्डरूममध्ये टांगायचो, चार डिग्रीत, मांसाच्या खोलीतल्यासारखाच एक आकडा तिथे मारून घेतला होता. खाली टोप बांधावा लागे, नुसता ठेवला तर हलत्या समुद्रात टोप एकीकडे आणि दही दुसरीकडे. बिस्केच्या उपसागरात एकदा गाठोड्याचा लंबक इतका झुलला की दह्याचं पाणी चारही भिंतींवर. दुसऱ्या दिवशी सेकंड मेट पाहणीला आला, भिंती बघून म्हणाला, काल किती डिग्री रोल होता ते तुझ्या खोलीत मोजता येईल. निथळलेलं पाणी मी कधी फेकलं नाही. पावाचं पीठ त्यात भिजवायचो, पाव मऊ व्हायचा. आपल्या पोरांसाठी कढी. घरीही फेकू नका. भाकरीच्या नाही, पण पोळीच्या कणकेत छान जातं.

मिक्सर. संपादक महाराज, हा शब्द त्या कृतीतून खोडायलाच हवा. दही लागतं म्हणजे त्याची आतून एक जाळी बसते. पाणी त्या जाळीत अडकून राहतं. पातं फिरलं की जाळी फाटली. निथळलेला चक्कासुद्धा मिक्सरमधून काढलात तर ताक व्हायच्या वाटेला लागतो. सूनबाईनं तर साधं दही, न पिळलेली काकडी आणि दोन मिनिटं मिक्सर असा तिहेरी संयोग साधला होता, तिच्या मनानं नव्हे, आपल्या पुरवणीच्या मनानं. चमच्यानं, खालून वर, सावकाश मिसळायचं. पुरणयंत्रही नको.

लसूण ठेचायचा मिठाबरोबर, बत्त्यानं, अगदी लोणी होईपर्यंत. मग त्यावर चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवायचा. आंबटात राहिला की उग्रपणा कमी होतो आणि पुढे तासनतास डिपमध्ये बसला तरी चढत नाही. तिकडचे व्हिनेगर वाइनचे. आपल्याकडे कुठलंही साधं घ्या, लिंबूही चालेल. पण लिंबाचा वास लसणाशी थोडा भांडतो, माझं मत. पाकळ्यांचा हिशोब नीट करा : तिकडची पाकळी अंगठ्याएवढी. आपल्या गावठी लसणाच्या पाच पाकळ्या म्हणजे त्यांची एक, पण तिखटपणा आपल्यात जास्त, म्हणून अर्धा किलो चक्क्याला पाच-सहा पुरे.

ऑलिव्ह तेल दोन-तीन चमचे, थोडं आत, थोडं वर. ते घरात नसेल तर? मी एकदा घाण्याचं शेंगदाणा तेल घालून पाहिलं. वाईट नाही लागलं, पण ती लसणाची चटणी झाली. त्यापेक्षा तेल गाळा.

आणि पाला. पुदिना घातलात, तो गुन्हा नाही. सायप्रसचे लोक घालतात, ते त्याला 'तालातूरी' म्हणतात. तुर्कही घालतात. पण ग्रीसमध्ये सगळ्यात जास्त घालतात तो 'आनिथोस', आणि आनिथोस म्हणजे कोण? आपला शेपू! पहिल्यांदा कॅप्टननी जुडी हातात दिली तेव्हा वासानंच मी ओळखला. ज्या शेपूच्या भाजीवरून लहानपणी ताटावरून उठायचो, तो हजारो मैलांवर पाहुणा म्हणून भेटला. मंडईत तो ढिगानं पडलेला असताना आपण वाचकांना पुदिना, जिरं आणि वर कोथिंबीर सांगितलीत. जिरं आणि साखर घातल्यावर ती काकडीची कोशिंबीर होते. कोशिंबीर मला प्रिय आहे. तिला कोशिंबीर म्हणा, दाण्याचं कूट आणि हिंग-मिरचीची फोडणीही द्या, मी दोनदा घेईन.

सगळं एकत्र केल्यावर झाकून फ्रीजमध्ये निदान दोन तास. दुसऱ्या दिवशी सगळ्यात चांगलं लागतं. तिसऱ्या दिवशी लसूण मालकी गाजवायला लागतो. म्हणून 'दहा मिनिटांत' हा मथळा मला सगळ्यात जास्त खटकला. हाताचं काम दहा-पंधरा मिनिटांचंच आहे, हे खरं. पण दही टांगून माणूस भजनाला जाऊन आला पाहिजे.

ग्रीकांच्या घरी हे खातात कशाबरोबर, तर भाजलेल्या मांसाबरोबर, तळलेल्या माशाबरोबर, तळलेल्या भाजीच्या चकत्यांबरोबर, आणि पावाबरोबर. चिप्स मी कुणाला देताना पाहिलं नाही. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपास असतो, साराकोस्ती, चाळीस दिवसांहून जास्त; मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतंही नाही. आपला श्रावण त्यापुढे सोपा. गंमत म्हणजे माकूल, कोळंबी चालते, कारण त्यांना रक्त नाही असं ते म्हणतात. हा मुद्दा मी गावच्या भटजींपुढे मांडला होता, त्यांनी विषय बदलला. सगळेच दर्यावर्दी उपास पाळत नसत, पण आमचे कॅप्टन पाळत, निदान शेवटचा आठवडा. 1998 मध्ये त्यांचा ईस्टर 19 एप्रिलला आला, पश्चिमेकडच्या ख्रिस्ती जगाच्या एक आठवडा नंतर. बोट नांगरावर होती. इंजिनवाल्यांनी तेलाचं पिंप उभं कापून मागच्या डेकवर शेगडी केली, सळईवर कोकरू लागलं, आणि कॅप्टन स्वतः पाच तास ते फिरवत बसले. मी आदल्या रात्री आठ किलो दही टांगलं होतं. जेवायला बसल्यावर त्यांनी पावाचा तुकडा मोडला, जाजीकीत घातला, खाल्ला, आणि सगळ्यांसमोर मला नावानं हाक मारली. पहिल्यांदाच. चार वर्षं आणि तीन बोटी झाल्यावर.

चीफ इंजिनीअर मात्र नाक मुरडून होते. त्यांचं म्हणणं, हे असं घट्ट हॉटेलवाल्यांचं. त्यांची आजी पातळच करायची. आजी इझमीरची, ग्रीक लोक ज्याला स्मिर्ना म्हणतात. 1922 मध्ये ते शहर जळालं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी पोर म्हणून पिरेयसला आलेली. पुढच्या वर्षी करार होऊन दोन्ही देशांनी लाखो माणसांची अदलाबदल केली. तिची कृती तुर्कांच्या जाजिकची : दह्यात पाणी घालून सैल, उन्हाळ्यात बर्फाचा खडा, वाटीत घेऊन चमच्यानं प्यायची. म्हणजे सूनबाईच्या वाडग्यात जे तयार झालं होतं ते त्या आजीला कदाचित घरचं वाटलं असतं, आणि मठ्ठा म्हणणाऱ्या पाहुण्या बाई अगदीच चुकल्या नव्हत्या. पातळ करायचं तर ठरवून करावं आणि वाटीत द्यावं. बोंबलाच्या पानात नको.

माझी विनंती एवढीच की येत्या पुरवणीत एक चौकट टाकून 'दही' शब्दाच्या जागी 'चक्का', 'किसून'च्या पुढे 'मीठ लावून, घट्ट पिळून', आणि 'मिक्सरमधून फिरवा'च्या जागी 'चमच्याने मिसळा' अशी दुरुस्ती छापावी. मथळ्यातली दहा मिनिटंही काढावीत. फोटो तोच ठेवलात तरी हरकत नाही, तो बरोबर आहे.

पत्र छापल्यास नाव देऊ नये. इथे नाव कळलं की लोक लग्नाच्या पंक्तीला वाढपी म्हणून धरून नेतात.

कळावे,
आपला,
एक निवृत्त जहाजी भंडारी,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी सूनबाईला वाचायला दिलं. ती म्हणाली, ''अप्पा, एवढं सगळं लिहिलंत आणि मीठ किती ते लिहिलंच नाही.'' तर, दोन मध्यम काकड्यांच्या किसाला पाऊण चमचा, ते बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. लसूण ठेचताना चिमूटभर. बाकीचं सगळं कालवून झाल्यावर, चाखून.